लव्हाळे व तत्सम पाणथळ वनस्पती

नदीकाठ, ओढे, तळी, भातखाचरे व पावसाळी डबकी यांच्या काठी अगर उथळ पाण्यात वाढणाऱ्या, बारीक व लवचिक खोडाच्या, गवतासारख्या दिसणाऱ्या अनेक एकदलिकित वनस्पतींना मराठीत लव्हाळे (लव्हाळा) हे सर्वसाधारण नाव देण्यात येते. हे नाव एखाद्या विशिष्ट जातीचे नाही. कोठे ते नागरमोथ्यास, कोठे पाण्यातील पर्णहीन गोल खोडाच्या वनस्पतींस, तर कोठे पाणकणसाच्या कोवळ्या रोपांसही लावले जाते. वनस्पतिविज्ञानाच्या दृष्टीने या नावाखाली निदान चार-पाच भिन्न कुलांतील वनस्पती एकत्र येतात. जुंकेसी, सायपेरेसी (मुस्तक कुल), टायफेसी, एरिओकॉलेसी व पोएसी (तृणकुल) ही ती कुले होत. त्यांतील साम्य बव्हंशी वरवरचे असून समान परिस्थितीत वाढल्यामुळे आलेले आहे. त्यामुळे त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे हे जसे वनस्पतिशास्त्रज्ञांचे, तसेच शेतकरी, वैद्य व पाणथळ जागांच्या संवर्धनात लक्ष घालणाऱ्या सर्वांचे काम ठरते.

या वनस्पतींचा परिचय करून घेण्यास पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे मुख्य ठाणे पौड व त्याभोवतीचा प्रदेश सोयीचा आहे. पौड हे पुण्याच्या पश्चिमेस सु. ३० किमी. अंतरावर मुळा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. येथून पश्चिमेकडे ताम्हिणी घाटाच्या बाजूस जावे तसे पर्जन्यमान झपाट्याने वाढते व पूर्वेकडे पुण्याच्या बाजूस ते तितक्याच झपाट्याने घटते. भात हे खोऱ्यातील मुख्य पीक असून मुळशीचा आंबेमोहोर तांदूळ प्रसिद्ध आहे. खोऱ्याच्या वरच्या भागात नीला व मुळा या नद्यांच्या पाण्यावर १९२० च्या दशकात मुळशी धरण बांधण्यात आले. त्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह इतिहासास ठाऊक आहे. धरणातील पाणी पश्चिमेस कोकणातील भिरा येथील जलविद्युत् केंद्राकडे वळविले जाते. बारमाही साचलेले पाणी, नदीचे वाळूचे व गाळाचे काठ, चिखलणी केलेली खाचरे आणि डोंगरमाथ्यावरील केवळ चार महिने टिकणारी डबकी असे पाणथळ जागांचे सर्व प्रकार अशा खोऱ्यात थोड्या अंतरात पाहावयास मिळतात. प्रत्येक प्रकारात वाढणाऱ्या वनस्पती निराळ्या असतात.

सारखेपणाची कारणे : पाण्याखालच्या चिखलात प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प असते. मुळांना हवा पुरविण्यासाठी या वनस्पतींच्या खोडांत व पानांत मोठ्या पोकळ्या असलेले, स्पंजासारखे ऊतक असते. वाहत्या पाण्याचा व वाऱ्याचा जोर सहन करण्यासाठी खोडे सडपातळ, गुळगुळीत व लवचिक असतात. पाने अरुंद व उभी अगर अजिबात नसतात आणि अशा वेळी हिरवे खोडच अन्न तयार करते. अनेक जातींची खरी पकड जमिनीखालील आडव्या खोडात, म्हणजे मूलक्षोडात असते. वरचा भाग मोडला अगर वाहून गेला, तरी मूलक्षोडापासून नवी खोडे फुटतात. लव्हाळ्याच्या नम्रतेचा संत तुकारामांनी योजलेला दृष्टांत सर्वपरिचित आहे. त्यामागील वनस्पतिशास्त्रीय कारण हे असे आहे. फुले वाऱ्याने परागित होत असल्याने त्यांना रंग, गंध व मोठ्या पाकळ्या यांची गरज उरलेली नाही. ती तपकिरी, हिरवट व लहान असतात. परिणामी नेहमीच्या वनस्पतींत ओळखीस उपयोगी पडणारा फुलांचा रंग व आकार येथे फारसा कामी येत नाही. खोडाचा छेद, पानांची मांडणी, पर्णतलाचे आवरक, फुलोऱ्याचे स्थान व पक्व फळ यांवरच भर द्यावा लागतो.

कुलांतील भेद : खोड व पाने यांवरून प्रथम तृणकुल व मुस्तक कुल यांची फारकत करता येते. गवताचे खोड सामान्यतः गोल असून त्यावर पेरी स्पष्ट दिसतात व दोन पेरांमधील भाग बहुधा पोकळ असतो. पाने दोन ओळींत असतात. पानाचा तळ खोडाभोवती गुंडाळलेला असला, तरी एका बाजूस उघडा असतो. आवरक व पाते यांच्या सांध्यावर जिव्हिका नावाचा पातळ पापुद्रा अगर केसांची रांग बहुधा असते. मुस्तक कुलातील वनस्पतींचे खोड बहुधा त्रिकोणी व भरीव असते, पाने तीन ओळींत असतात व आवरक नळीसारखे पूर्ण बंद असते. खोड दोन बोटांत धरून फिरविले असता त्याच्या तीन धारा सहज जाणवतात. तथापि या कुलात गोल खोडाच्याही अनेक जाती आहेत. म्हणून केवळ स्पर्शावर विसंबणे चुकीचे ठरते.

जुंकेसी कुलातील जुंकस प्रजातीची खोडे गोल व बहुधा भेंडाने भरलेली असतात. ती मुस्तक कुलातील गोल खोडाच्या जातींसारखी इतकी हुबेहूब दिसतात, की फुलोरा तपासल्याशिवाय निर्णय देता येत नाही. जुंकसच्या प्रत्येक फुलात सहा लहान, शुष्क परिदले दोन मंडलांत असतात. लिली कुलातील फुलाची ती जणू आटलेली प्रतिकृतीच होय. फळ बोंड प्रकारचे असून त्यात पुष्कळ बी असते. मुस्तक कुलात प्रत्येक फूल एका खवल्यासारख्या तुषाच्या बगलेत असते. परिदले नसतात किंवा त्यांच्या जागी काही राठ केस असतात व फळात एकच बी असते. बोंड की एकबीजी फळ, हा सर्वांत विश्वसनीय भेद होय. जुंकस ही प्रामुख्याने समशीतोष्ण व थंड प्रदेशांतील प्रजाती असून भारतात ती मुख्यतः हिमालयात व दक्षिणेकडील उंच डोंगरांवर आढळते. म्हणून महाराष्ट्राच्या सखल भागात दिसणारे गोल खोडाचे ‘लव्हाळे’ बहुधा जुंकस नसून मुस्तक कुलातील असते. यूरोपीय ग्रंथांतील वर्णने येथील वनस्पतींस जशीच्या तशी लावल्याने होणारा घोटाळा त्यामुळे टळतो.

जुंकस प्रजातीतील जातींचा भेद हा या विषयातील एक आदर्श पाठ समजला जातो. यूरोपातील जुंकस इफ्यूझस, जुंकस काँग्लोमेरेटस व जुंकस इन्फ्लेक्सस या तीन जाती एकाच ओल्या कुरणात वाढू शकतात. पहिलीचे ताजे खोड गुळगुळीत व चकचकीत, दुसरीचे निस्तेज व फुलोऱ्याच्या खाली स्पष्ट रेघा असलेले, तर तिसरीचे निळसर व ठळक कंगोऱ्यांचे असते. खोड उभे चिरले असता पहिल्या दोहोंत भेंड सलग दिसते, तर तिसरीत ते तुटक व शिडीच्या पायऱ्यांसारखे असते. जुंकस इफ्यूझसचे भेंड चरबीत बुडवून इंग्लंडमध्ये पूर्वी गरिबांच्या घरी दिवे लावीत. जपानमधील तातामी चटया त्याच जातीच्या एका प्रकारापासून विणल्या जातात.

पाणकणीस : (रामबाण; सं. एरका, हिं. पटेरा, कुल टायफेसी). तळ्यांच्या व कालव्यांच्या काठी दोन ते तीन मी. उंच वाढणारी, पट्ट्यासारख्या लांब पानांची व मखमली तपकिरी कणसाची ही वनस्पती दुरूनही ओळखू येते. कणसाचा खालचा जाड भाग स्त्री-पुष्पांचा व वरचा बारीक भाग पुं-पुष्पांचा असतो. पुं-पुष्पे परागकण सोडल्यावर गळून पडतात व वर नुसता दांडा राहतो. महाभारताच्या मौसलपर्वात यादवांनी परस्परांच्या संहारासाठी वापरलेली एरका ती हीच, असे सामान्यतः मानले जाते.

टायफा प्रजाती ओळखणे सोपे असले, तरी तिच्यातील जाती ओळखणे कठीण आहे. भारतीय ग्रंथांत येथील वनस्पतीस दीर्घकाळ टायफा अँगुस्टॅटा म्हटले जात असे, तर काहींनी तिला टायफा अँगुस्टिफोलिया म्हटले. अँगुस्टॅटा या नावाची वनस्पती आता टायफा डॉमिंजेन्सिस या जातीत समाविष्ट केली जाते. टायफा लॅटिफोलिया या थंड प्रदेशातील जातीत पुं- व स्त्री-कणिशे एकमेकांस चिकटलेली असतात, पाने रुंद असतात व परागकण चार-चारांच्या गटाने चिकटलेले असतात. अँगुस्टिफोलिया व डॉमिंजेन्सिस या दोहोंत कणिशांमध्ये बहुधा काही सेंमी. मोकळी जागा असते व परागकण सुटे असतात. या दोहोंत फरक करावयाचा झाल्यास कणसाचा रंग (अँगुस्टिफोलियात गडद, डॉमिंजेन्सिसमध्ये फिकट दालचिनी), स्त्री-पुष्पांतील सूक्ष्म छदकांच्या टोकांचा रंग व पात्याच्या तळाच्या आतील बाजूवरील श्लेष्मल ग्रंथी पाहाव्या लागतात. या ग्रंथी डॉमिंजेन्सिसमध्ये पात्यावरही पसरलेल्या असतात. टायफा एलेफंटिना ही जाती अधिक थोराड असून तिच्या पानाचा तळाकडील छेद त्रिकोणी असतो व परागकण चारांच्या गटात असतात. या प्रजातीत संकरही होतात, त्यामुळे एका लक्षणावरून निर्णय न देता तीन-चार लक्षणे एकत्र पाहणे इष्ट असते.

फुलोरा नसताना पाणकणसाची वेखंडाशी (ॲकोरस कॅलॅमस) गल्लत होण्याचा संभव असतो. ही गल्लत निरुपद्रवी नाही. पाणकणसाचे कोवळे कोंब व मूलक्षोडातील पिष्ट काही देशांत खाल्ले जाते, तर वेखंडात असॅरोन नावाचे द्रव्य असून त्याचे जादा सेवन अपायकारक असते. वेखंडाचे पान चुरगाळल्यास तीव्र सुगंध येतो, त्याची मधली शीर एका बाजूस सरकलेली असते व तळाशी पाने एकमेकांस कात्रीसारखी कवेत घेतात. पाणकणसाच्या पानास वास नसतो, मधली उठावदार शीर नसते आणि आडवा छेद घेतल्यास हवेच्या मोठ्या पोकळ्या दिसतात. इराकच्या दलदलीच्या प्रदेशात पाणकणसाच्या परागापासून एक पिवळी मिठाई बनविली जाते.

नागरमोथा व त्याचे सोबती : (सं. मुस्ता, हिं. मोथा, सायपेरस रोटंडस, कुल सायपेरेसी). कालिदासाच्या अभिज्ञानशाकुंतलात रानडुकरांनी मुस्ता उकरण्याचा उल्लेख आहे. यावरून या वनस्पतीची सुगंधी ग्रंथिल मुळे किती जुन्या काळापासून परिचित आहेत हे कळते. आयुर्वेदात मुस्ता हे ज्वर व अतिसार यांवरील प्रसिद्ध द्रव्य असून उदबत्ती व सुगंधी तेल यांतही ते वापरतात. हीच वनस्पती शेतीतील अत्यंत चिवट तण आहे. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगातील तणांवरील एका प्रमाणभूत ग्रंथात तिला पहिला क्रमांक देण्यात आला. तिच्या ग्रंथी जमिनीखाली बारीक दोऱ्यासारख्या मूलक्षोडावर माळेसारख्या ओळीने लागतात. टोकाची ग्रंथी फुटत असता बाकीच्या सुप्त राहतात. नांगराने ती माळ तुटली की प्रत्येक ग्रंथीतून नवे रोप उगवते. त्यामुळे अर्धवट मशागतीने हे तण कमी न होता वाढते.

सायपेरस एस्क्युलेंटस ही जाती नागरमोथ्यासारखीच दिसते. नागरमोथ्याची कणिशके तांबूस अगर जांभळट तपकिरी, तर हिची सोनेरी पिवळी असतात. नागरमोथ्याच्या ग्रंथी माळेत, तंतुमय सालीच्या, कडवट व सुवासिक, तर हिच्या ग्रंथी मूलक्षोडाच्या टोकाशी एकेकट्या, गुळगुळीत व गोडसर असतात. स्पेनमधील व्हॅलेन्सिया भागात या ग्रंथींची लागवड करून त्यांपासून दुधासारखे पेय बनवितात. औषधांच्या बाजारात ‘नागरमोथा’ या नावाखाली सायपेरस स्कॅरिओसस या नावाने ओळखले जाणारे मूलक्षोडही विकले जाते. म्हणून नुसत्या वाळलेल्या तुकड्यांवरून जाती ठरविण्यापेक्षा फुलोऱ्यासह संपूर्ण वनस्पती पाहून ती गोळा करणे महत्त्वाचे आहे.

भातखाचरातील जाती : मावळातील शेतकऱ्यास या भेदांचा प्रत्यक्ष उपयोग होतो तो बेणणीच्या वेळी. रोपांच्या अवस्थेत भात, सावावर्गीय गवते व मोथे यांची पाने सारखीच हिरवी व अरुंद असतात. भाताच्या पानास आवरकाच्या सांध्यावर लांब जिव्हिका व तिच्या दोन्ही बाजूंस केसाळ कर्णिका असतात. खाचरात त्रासदायक ठरणाऱ्या एकिनोक्लोआ प्रजातीच्या गवतांत जिव्हिका नसते. मोथ्याच्या रोपाचा तळ चपटा अगर त्रिकोणी असून त्यात पाने तीन दिशांना फुटतात.

खाचरातील वार्षिक मोथ्यांत सायपेरस डिफॉर्मिस व सायपेरस इरिया या दोन जातींची नेहमी गल्लत होते. दोन्हींची खोडे त्रिधारी, मुळे तंतुमय व उंची साधारणपणे गुडघ्याएवढी असते. डिफॉर्मिसमध्ये असंख्य बारीक कणिशके दाट, गोल गेंदात एकवटलेली असतात. प्रत्येक तुष एक मिमी.पेक्षा लहान व गोलसर टोकाचे असते. इरियात कणिशके लांबट व विरळ कणिशांवर सुटी सुटी असतात, त्यांचा रंग पिवळसर तपकिरी असतो व तुषाच्या टोकाशी किंचित खाच आणि तीत बारीक काटा असतो. पक्व फळ डिफॉर्मिसमध्ये फिकट व सु. अर्ध्या मिमी.चे, तर इरियात गडद तपकिरी ते काळे व त्याच्या जवळजवळ दुप्पट असते. सायपेरस काँप्रेसस ही तिसरी जाती बांधावर व रस्त्याकडेच्या ओलसर जागी आढळते. तिची कणिशके ठळक, चपटी व हिरवट असून तुषांची टोके अणकुचीदार असतात.

फिंब्रिस्टायलिस प्रजातीतील फिंब्रिस्टायलिस लिटोरॅलिस (पूर्वीच्या अनेक ग्रंथांत फिं. मिलिएसिया) ही खाचरातील आणखी एक सर्वत्र आढळणारी जाती होय. तिची पाने तळाशी पंख्यासारखी चपटी रचलेली असतात व फुलोऱ्यावर मोहरीएवढी गोल तांबूस कणिशके विखुरलेली असतात. फिं. डायकॉटोमात कणिशके मोठी व अंडाकृती असून किंजल (किंजपुटावरील दांडा) चपटा, केसाळ कडांचा व दोन टोकांत विभागलेला असतो. तिच्या फळावर उभ्या कंगोऱ्यांची नाजूक जाळी भिंगाखाली सुरेख दिसते.

या भेदास व्यावहारिक किंमत आहे. डिफॉर्मिस, इरिया व लिटोरॅलिस यांचा प्रसार खाचरात मुख्यतः बियांनी होतो. एका झाडास हजारो बिया येतात. म्हणून फळ पिकण्यापूर्वी उपटलेले झाड पुढील वर्षाचा त्रास कमी करते. नागरमोथा मात्र उपटला तरी ग्रंथी जमिनीत राहतात व तो पुन्हा फुटतो. चिखलणी करून पाणी साचविल्यास नागरमोथा दबतो, पण डिफॉर्मिसला तीच परिस्थिती मानवते. तणनाशकांच्या बाबतीतही हेच खरे आहे. काही औषधे बियांपासून उगवणाऱ्या मोथ्यांवर चालतात, पण ग्रंथींपर्यंत पोहोचत नाहीत. काही देशांत एकाच प्रकारच्या तणनाशकाच्या सततच्या वापराने डिफॉर्मिसचे प्रतिकारक्षम प्रकार निर्माण झाले आहेत. ‘लव्हाळा फार झाला’ एवढ्या वर्णनावरून उपाय ठरविणे म्हणूनच अपुरे ठरते.

पर्णहीन लव्हाळे : उथळ डबक्यांत पाने नसलेली, केवळ हिरव्या काड्यांचे झुपके असलेली जी वनस्पती दिसते, ती बहुधा एलिओकॅरिस किंवा शोनोप्लेक्टिएला यांपैकी एका प्रजातीतील असते. एलिओकॅरिसमध्ये काडीच्या अगदी टोकाशी एकच कणिशक असते. शोनोप्लेक्टिएलात कणिशकांचा झुबका काडीच्या बाजूला चिकटल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तेथेच खोड संपते व वर जाणारा भाग हा खोडासारखा ताठ छद असतो. शोनोप्लेक्टिएला आर्टिक्युलॅटात हा छद इतका लांब असतो, की झुबका काडीच्या खालच्या अर्ध्या भागात आहे असे वाटते. या जातीची खोडे जाड, गोल व आडव्या पडद्यांनी विभागलेली असतात. असेच आडवे पडदे एलिओकॅरिस ड्युल्सिसच्या पोकळ खोडातही असतात. वाळलेल्या काडीवरून बोट फिरविल्यास ते गाठीसारखे जाणवतात. तेव्हा पडदे पाहून नव्हे, तर फुलोऱ्याचे स्थान पाहून या दोहोंत भेद करावा लागतो. पूर्व आशियात ड्युल्सिसच्या गोड कंदांची भाजीसाठी लागवड केली जाते.

फिंब्रिस्टायलिस व एलिओकॅरिस या प्रजातींत आणखी एक सूक्ष्म पण पक्का भेद आहे. एलिओकॅरिसमध्ये किंजलाचा फुगीर तळ पक्व फळाच्या टोकावर टोपीसारखा कायम राहतो, तर फिंब्रिस्टायलिसमध्ये तो किंजलासह गळून पडतो.

पांढऱ्या गेंदांच्या जाती : पावसाळ्याच्या उत्तरार्धात सह्याद्रीच्या सड्यांवर पांढऱ्या गुंडीसारख्या गेंदांची दाटी दिसते. या एरिओकॉलॉन प्रजातीच्या जाती होत. त्यांस गेंद असेच नाव आहे. किलिंगा या मुस्तक कुलातील गटाचे गेंदही पांढरे व गोल असल्याने त्यांच्याशी गल्लत होते. किलिंगाच्या गेंदाखाली पानासारखे बहुधा तीन लांब छद पसरलेले असतात व खोड त्रिकोणी असते. एरिओकॉलॉनची पाने जमिनीलगत गुच्छात, पातळ व जाळीदार असतात, गेंदाचा दांडा पर्णहीन, कंगोरेदार व बहुधा पिळलेला असतो आणि गेंदाखाली लांब छद नसतात. एरिओकॉलॉनमधील जाती ठरविण्यास सूक्ष्मदर्शकाखाली परिदले व बियांचे पृष्ठ पाहावे लागते.

अभ्यासाचा इतिहास : भारतातील मुस्तक कुलाचा पायाभूत अभ्यास सी. बी. क्लार्क यांनी जे. डी. हूकर यांच्या ब्रिटिश भारताच्या वनश्रीग्रंथासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले टी. कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनश्रीवरील ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रसिद्ध झाला व तो अद्याप संदर्भासाठी वापरला जातो. ई. ब्लॅटर व सी. मॅकॅन यांनी पुढे या प्रदेशातील गवतांवर विस्तृत लेखन केले. भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम मंडल पुणे येथे १९५५ मध्ये सुरू झाले. तेथील वनस्पतिसंग्रहात या कुलांतील वाळविलेले नमुने तुलनेसाठी उपलब्ध असतात.

जुन्या व नव्या ग्रंथांची सांगड घालताना नावांतील बदल लक्षात ठेवावे लागतात. पूर्वी स्किर्पस या एकाच प्रजातीत गणलेल्या जाती आता अनेक प्रजातींत विभागल्या आहेत. कचेरा, म्हणजे स्किर्पस ग्रॉसस, आता ॲक्टिनोस्किर्पस ग्रॉसस या नावाने ओळखला जातो. स्किर्पस आर्टिक्युलॅटस हाच आजचा शोनोप्लेक्टिएला आर्टिक्युलॅटा होय. याउलट, किलिंगा व पायक्रिअस यांसारख्या स्वतंत्र मानलेल्या प्रजाती डीएनए-अभ्यासानंतर अनेक शास्त्रज्ञ सायपेरसमध्येच समाविष्ट करतात. नाव बदलले तरी वनस्पतीची लक्षणे बदलत नाहीत. त्यामुळे जुनी वर्णने निरुपयोगी होत नाहीत.

ओळखीचा क्रम : प्रत्यक्ष पाहणीत पुढील क्रम सोयीचा ठरतो. (१) वनस्पती मुळे, मूलक्षोड व ग्रंथी यांसह खणून काढावी. तुटलेल्या काडीवरून बहुधा निर्णय होत नाही. (२) खोडाचा आडवा व उभा छेद घेऊन ते त्रिकोणी की गोल, भरीव की पोकळ, पडदे आहेत की नाहीत हे पाहावे. (३) पाने दोन ओळींत की तीन, आवरक उघडे की बंद, जिव्हिका आहे की नाही हे तपासावे. (४) फुलोरा टोकाशी की बाजूस भासणारा, कणिशक एक की अनेक, याची नोंद करावी. (५) दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून किंजल्कांची संख्या दोन की तीन, फळ दोन्ही बाजूंनी फुगीर की त्रिधारी आणि त्याचे पृष्ठ कसे आहे हे पाहावे. (६) पाण्याची खोली, जमीन व ताज्या वनस्पतीचा रंग तेथेच लिहून घ्यावा, कारण वाळल्यावर रंग नाहीसा होतो. पश्चिम महाराष्ट्रात सप्टेंबर व ऑक्टोबर हे महिने या कामास उत्तम होत. जून-जुलैत गोळा केलेल्या रोपांस फळे नसल्याने त्यांची जाती बहुधा ठरविता येत नाही.

पाणथळ जागांचे निदान : एखाद्या जागी कोणत्या जाती वाढतात यावरून त्या जागेच्या पाण्याविषयी बरेच अनुमान करता येते. पाणकणीस बारमाही, साचलेल्या व पोषकद्रव्यांनी समृद्ध पाण्यात फोफावते. सांडपाणी मिसळणाऱ्या ओढ्यांत त्याचे दाट पट्टे तयार होतात, कालव्यांचा प्रवाह अडतो व इतर वनस्पतींस जागा उरत नाही. त्याच गुणामुळे कृत्रिम पाणथळीत सांडपाणी शुद्ध करण्यासाठी त्याची मुद्दाम लागवडही करतात. याउलट, एरिओकॉलॉन व काही लहान एलिओकॅरिस यांना उथळ, स्वच्छ व हिवाळ्यापर्यंत आटणारे पाणी लागते. अशी डबकी खोदून खोल केली, भर घालून बुजविली किंवा त्यांत बारमाही पाणी साचविले, तर या जाती प्रथम नाहीशा होतात. पुण्याच्या पश्चिमेकडील मुळा खोऱ्यात गेल्या काही दशकांत वसाहती, रस्ते व कारखाने यांचा झपाट्याने विस्तार झाला असून खाचरांची व ओलसर गायरानांची जागा त्यांनी घेतली आहे. अशा वेळी एखाद्या तळ्याकाठी ‘भरपूर लव्हाळे आहे’ ही नोंद समाधानकारक वाटली, तरी ते लव्हाळे म्हणजे पाणकणसाचा एकसुरी पट्टा की अनेक लहान जातींचा मेळ, यावर त्या जागेची खरी स्थिती अवलंबून असते. पहिल्या बाबतीत ती जागा प्रदूषणाने समृद्ध झालेली असू शकते, तर दुसऱ्या बाबतीत ती जपण्याजोगी असते. दोहोंना एकच नाव दिल्यास हा फरक नोंदीतून पुसला जातो व जाती नाहीशा झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.